पलीकडच्या काठावरची पिन

संपादकांनी माझ्याकडे रणांगणावरचे अनुभव मागितले आहेत. लष्करात उभी हयात काढली म्हणजे तोफा, धूर, शत्रू असं काहीतरी गाठीशी असणारच, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांचा हिरमोड करावा लागतोय. मी इंजिनिअर अफसर होतो. शत्रूपेक्षा पाण्याशी, चिखलाशी आणि गळक्या नळांशी माझी गाठ जास्त पडली. बंदूक चालवली ती सरावाच्या मैदानावर, आणि तिथंही माझा नेम पाहून आमचे सुभेदार साहेब सौजन्यानं दुसरीकडे बघायचे.

मी पूल बांधले. आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं, पण बांधलेले पूल सोडवून परतही आणले. त्यातल्या दोन पुलांची गोष्ट सांगतो. एक हिमालयातला, दुसरा माझ्या दारातला. दुसऱ्याच्या वेळी मी जे केलं ते का केलं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. लिहिता लिहिता उमगेल या आशेवर बसलोय. न उमगल्यास वाचकांपैकी कुणीतरी मला समजावून सांगावं.

आधी पुलाविषयी थोडं. लष्कराचा लोखंडी पूल सुट्या भागांतून जागेवर जोडतात. त्याची मुख्य चौकट दिसायला खाटेच्या सांगाड्यासारखी असते, सहा जवान ती उचलून चालतात. अशा चौकटी एकीपुढं एक लावायच्या आणि सांध्यात पोलादी पिन ठोकायची. सिमेंट नाही, वेल्डिंग नाही. गंमत अशी की सगळा पूल एकाच काठावर बांधतात. पुढच्या टोकाला एक हलका, रिकामा सांगाडा जोडतात, त्याला आम्ही नाक म्हणतो. मग ते सगळं धूड रुळांवर चढवून मागून ढकलायचं. नाक हवेत पुढं पुढं सरकतं आणि पलीकडच्या काठाला टेकतं. टेकलं की पलीकडे जाऊन नाक सोडवायचं, टोकाचे खांब बसवायचे आणि शेवटची पिन ठोकायची. म्हणजे शेवटची पिन नेहमी पलीकडच्या काठावर बसते. पूल काढताना सगळं उलट. पहिली निघते ती हीच पिन. तिथं पुन्हा नाक जोडतात आणि पूल अलीकडे ओढून घेतात.

आमच्या कंपनीत दोन रिवाज होते. शेवटची पिन हजर असलेल्यांपैकी सगळ्यांत ज्येष्ठ माणसानं ठोकायची, आणि पूल काढायची वेळ आली की जमल्यास त्यानंच ती काढायची. दुसरा रिवाज असा की पलीकडचा काठ अफसरानं सगळ्यांच्या शेवटी सोडायचा. आपले सगळे जवान अलीकडे पोचले याची खात्री करायची आणि मग पाऊल उचलायचं. हा दुसरा रिवाज मी आयुष्यभर पाळला. एकदा सोडून.

अधूनमधून माझी बदली छावणीतल्या घरांच्या देखभालीवर व्हायची. ती नोकरी पुलांपेक्षा अवघड. एका मोठ्या साहेबांच्या पत्नींना स्वयंपाकघराचं दार उजवीकडे उघडतं म्हणून त्रास होत होता. आम्ही बिजागऱ्या फिरवल्या. साहेबांची बदली झाली, नव्या बाई आल्या, त्यांना ते डावीकडे उघडतं म्हणून त्रास. परत फिरवल्या. तिसऱ्या बाई आल्या तेव्हा चौकटीत स्क्रू धरायला लाकूडच उरलं नव्हतं. मी नम्रपणे विचारलं, "मॅडम, दारच काढून टाकलं तर?" त्यांनी माझी तक्रार केली. पण माझा सल्ला चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

हिमालयातला पूल पूर्वेकडच्या डोंगरात होता. पावसात नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि पलीकडचं एक लहानसं गाव तुटलं. आम्हाला हुकूम आला, आम्ही जाऊन लोखंडी पूल टाकला. पलीकडे एक म्हातारी चहा विकायची. तिला सगळे आमा म्हणत, त्यांच्या भाषेत आई. पूल झाल्यावर तिनं आपली चूल उचलून पुलाच्या तोंडाशीच मांडली. गाड्या थांबायला लागल्या, आमाचा चहा खपायला लागला. आमचे जवान तर कामापेक्षा तिच्या चुलीपाशीच जास्त सापडायचे.

काही महिन्यांनी हुकूम आला, पूल काढून आणा. दुसरीकडे दरड कोसळली होती, तिथं तो हवा होता. गावाच्या पक्क्या पुलाचं काम अजून सुरू व्हायचं होतं. तिकडंही कुणीतरी वाट बघतंय, एवढंच मी गावकऱ्यांना सांगितलं. ते भांडले नाहीत. डोंगरातली माणसं भांडत नाहीत, नुसती बघत उभी राहतात, आणि ते फार वाईट. मी पलीकडच्या काठावर पिन काढायला उभा होतो तेव्हा आमा जवळ आली आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "साब, आप किस तरफ के हो?"

मला वाटलं, ती गाव विचारतेय. म्हटलं, बेळगावकडचा.

"वो किधर है?"

"कर्नाटक में."

"तो कर्नाटक की बोली बोलते हो?"

"नहीं, मराठी बोलते हैं."

ती माझ्याकडे बघत राहिली. आपण साधी गोष्ट विचारली आणि हा माणूस भलतंच काहीतरी सांगतोय, असा तिचा चेहरा झाला. मग तिनं फडक्यात बांधलेली भाजलेली मक्याची कणसं माझ्या हातात दिली आणि ती चुलीकडे गेली. सगळे जवान पार झाल्यावर मी शेवटचा आलो. पूल ओढून घेतला. त्या संध्याकाळी मी ती कणसं खाल्ली, कारण भूक लागली होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती मला गाव विचारत नव्हती, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

आता माझ्या दारातला पूल.

निवृत्तीनंतर आम्ही बेळगावात फ्लॅट घेतला होता. मंदा, माझी बायको, गेली आणि तो फ्लॅट मला खायला उठला. मुलगी बंगळुरात, ती बोलवत होती. पण मी निपाणीकडच्या आमच्या गावी आलो, ओढ्याकाठच्या वडिलोपार्जित तुकड्यावर दोन खोल्या आणि व्हरांडा बांधला. इंजिनिअरनं स्वतःसाठी बांधलेलं घर असल्यामुळे ते अर्थातच गळतं. ही जागा निवडायचं कारण आक्का.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ओढ्याच्या पलीकडच्या वाडीत दिलेली. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं तिचं घर जवळ. पण ओढा ही राज्याची हद्द आहे. मी कर्नाटकात, आक्का महाराष्ट्रात. माझ्या कामाला चिकोडी गाठावी लागते, तिच्या कामाला कागल. लहानपणी आम्हाला हे माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावरही फरक पडला नव्हता, कारण ओढ्यावर दगडी पूल होता. आक्काचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात. तीही एकटी, मीही एकटा. दुपार झाली की ती अंगणात येऊन ओरडायची, "वसंता, भाकरी तव्यावर हाय रं! येतोस का थंडगार खातोस?" मी पायात चपला सरकवायचो. दिवसाचं एवढं एकच ठरलेलं काम मला उरलं होतं.

एका पावसाळ्यात दगडी पुलाची मधली कमान गेली. आमचा ओढा नावाला ओढा. वेदगंगेला पाणी चढलं की तो नदीसारखा फुगतो, आणि पावसाळ्यानंतर नदीच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्या की पाणी मागं तुंबतं आणि ओढा उन्हाळ्यापर्यंत भरलेलाच राहतो. पलीकडे जायचं तर हमरस्त्यानं वळसा, दोन गाड्या बदलायच्या, एक एका राज्याची, दुसरी दुसऱ्या राज्याची, आणि दोन्ही एकमेकींची वाट न बघणाऱ्या. वाडीतल्या आजाऱ्यांना, पोरांना, उसाला बाहेर निघायला जवळची वाट उरली नाही, आणि आमच्या गावातल्या बऱ्याच जणांची शेतं पलीकडे अडकली. पूल कुणी बांधायचा हे ठरवायला दोन्हीकडचे सरकारी लोक येऊन बघून गेले. हद्द ओढ्याच्या मधोमध, म्हणजे निम्मा पूल यांचा, निम्मा त्यांचा. मी त्या सगळ्यांना नकाशे काढून दिले. तोवर आक्का आणि मी दोन्ही काठांवर उभं राहून ओरडून बोलायचो. "जेवलास का?" "जेवलो." "काय खाल्लंस?" "भात." "निस्ता भात?" एवढंच.

शेवटी कुणीतरी वर विनंती केली आणि लष्कराचा लोखंडी पूल आला. ट्रक आमच्या बाजूला, माझ्या दारात उभे राहिले. तुकडीचा कॅप्टन केरळचा, जोसेफ नावाचा. त्याचा सुभेदार गावडे खानापूरकडचा, म्हणजे आपलाच माणूस. मी जुना पूलवाला आहे हे कळल्यावर कॅप्टननं कडक सॅल्यूट ठोकला. त्यांनी पूल ढकलला, नाक हवेत निघालं. पलीकडे टेकल्यावर कॅप्टननं हातोडा माझ्या हातात दिला. "सर, लास्ट पिन आपकी." म्हणजे तो रिवाज अजून जिवंत होता. मी पिन ठोकली. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी कारण नसताना पिन आणखी दोनदा ठोकली. आक्कानं पुलाची ओटी भरली. लोखंडाला खण, नारळ आणि तांदूळ. तुकडीतले पंजाबी जवान तोंड उघडं टाकून बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा चपला सरकवून जेवायला जाऊ लागलो.

तो पूल कायमचा नाही, हे मी गावाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमचे पंचायतीचे अध्यक्ष मारुतीअण्णा म्हणाले, "साहेब, एकदा आलेली वस्तू सरकार परत नेत न्हाय." मी म्हटलं, नेतात अण्णा, मी स्वतः नेलीय. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली, उसाचा हंगाम तोंडावर आला, आणि कॅप्टन जोसेफचा फोन आला. पूल काढायला येतोय.

मारुतीअण्णा चार माणसं घेऊन माझ्या व्हरांड्यात आले. "साहेब, तुमचा शब्द त्यो मोडणार न्हाय. तुमी सांगा."

मी फोन लावला. सगळं सांगितलं, ऊस, आजारी माणसं, दोन गाड्यांचा वळसा. आक्काची भाकरी तेवढी सांगितली नाही. कॅप्टननं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, वहाँ भी कोई वेट कर रहा है." दुसऱ्या एका जिल्ह्यात पूल कोसळला होता, तिथली माणसं याच लोखंडाची वाट बघत होती. हेच वाक्य मी डोंगरात म्हटलं होतं. फोन ठेवून मी अण्णांना सांगितलं, की पोराचं बरोबर आहे.

"आणि आमचं?"

"तुमचंही बरोबर आहे."

"मग तुमी कुनाच्या बाजूचं?" अण्णा चिडले. मला भाजलेल्या मक्याचा वास आल्यासारखा झाला. मी चहा टाकायला आत गेलो.

दोन दिवसांनी सकाळी फिरायला निघालो तर पुलाच्या आमच्याकडच्या तोंडाशी म्हसोबा बसलेला. ओबडधोबड काळा दगड, त्याला ताजा शेंदूर, पुढं लिंबू, नारळ, वर भगवं निशाण. काल संध्याकाळी तिथं काही नव्हतं. तो दगडही माझ्या ओळखीचा होता. पडलेल्या पुलाच्या कमानीतला होता तो. मारुतीअण्णा अंघोळ करून, कपाळाला शेंदूर लावून शेजारी उभे. मला म्हणाले, "देवाचं ठान हाय. हितनं लोखंड हलवायचं म्हंजे देवाला धक्का लागणार."

"अण्णा, हा देव कधी आला?"

"साहेब, देव कवा येत असतोय व्हय? असतोयच की."



चार दिवसांनी तुकडी आली तेव्हा सगळं गाव जमलेलं. दोन्ही काठांवर माणसं. आक्का तिकडच्या काठावर, जवानांसाठी भाकऱ्यांची बुट्टी घेऊन. पूल न्यायला आलेल्यांना जेवायला का घालायचं, असं वाडीतल्या कुणीतरी तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "मग काय उपाशी धाडू?"

कॅप्टननं म्हसोबा बघितला आणि मला बाजूला घेतलं. "सर, इज धिस टेम्पल ओल्ड?" सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. जुना म्हणावं तर खोटं, नवा म्हणावं तर गावात राहायची सोय नाही. मी म्हटलं, "दगड जुना है." त्यानं मान हलवली. पोरगा हुशार होता, त्याला सगळं कळलं असावं. पण देवाच्या ठाणाला हात लावून दंगा ओढवून घ्यायची त्याची तयारी नव्हती. मारुतीअण्णांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं.

तेवढ्यात सुभेदार गावडे पुढं झाले. बूट काढले, टोपी काखेत घेतली, म्हसोबाला मनापासून नमस्कार केला. मग अण्णांना म्हणाले, "अण्णा, आमच्याकडं असा पेच पडला की देवाला कौल लावत्यात. तुमच्यात लावत न्हाईत?"

कौल आमच्याकडेही लावतात. लग्न, विहीर, जमिनीचा वाद, सगळ्याला. देवाच्या दगडाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक ओली कळी चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. हा देव आमचा नाही, त्याला कौल लावता येत नाही, असं अण्णांना म्हणता येईना. कारण तो देव आहे असं तेच चार दिवस सांगत होते. आणि एक गोष्ट मी तेव्हा पाहिली. या चार दिवसांत बायकांनी त्या दगडाला नवस बोलले होते. अण्णांनी स्वतः हात जोडून बोललेले मी ऐकले होते. आता तो दगड त्यांच्याही हातात राहिला नव्हता.

गुरवानं कळ्या लावल्या. प्रश्न गावडेंनीच घातला, स्वच्छ मराठीत. "देवा, दुसरीकडची लेकरं अडल्यात. लोखंड न्यावं का?"

मी इंजिनिअर माणूस. दगड कुठल्या बाजूला कललाय ते मी केव्हाच हेरलं होतं. तो डावीकडे कलला होता, तिकडचा शेंदूरही जास्त ओला होता. माझ्या हिशेबानं डावी कळी आधी पडणार, म्हणजे नकार, म्हणजे पूल राहणार. मला हायसं वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण मी मनातल्या मनात आक्काच्या भाकरीला पोचलोही होतो.

उजवी पडली.

डावी तशीच चिकटून राहिली. मी वाकून दगड पुन्हा बघितला. आजवर मी त्या घटनेची बरीच कारणं शोधली आहेत. वारा, ऊन, कळीचं वजन. एकही टिकत नाही. गावडेंना आधीच काही ठाऊक होतं का, तेही मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "साहेब, मला वाटलं डावीच पडणार. मग आमी कप्तानाला तसं सांगून परत गेलो असतो."

मारुतीअण्णांनी पटका काढून म्हसोबापुढं कपाळ टेकलं. उठले, आणि जवानांना म्हणाले, "न्या बाबांनो. देवानंच सांगितलं, आता आमी कोन?" त्यांचा आवाज फुटला होता. देव त्यांनीच बसवला, आणि देव त्यांचं ऐकेना. मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी पुलावर निघालो.

काम सुरू व्हायच्या आधी आक्कानं सगळ्या तुकडीला वाडीत जेवू घातलं. भाकरी, झुणका, खर्डा, ताक. पंजाबी जवानांनी खर्ड्याला हात घातला आणि पाण्याला धावले. आक्का खूप हसली. जेवणं झाल्यावर कॅप्टन हातोडा घेऊन माझ्यापाशी आला. "सर. आपकी पिन."

मी पिन काढली. एका घावात सुटली. वाईट ठोकली असती तर अडकली असती, पण तेवढं मात्र मला कधी जमलं नाही. जवानांनी टोकाचे खांब काढले, नाक जोडलं, आणि एकेक करून पुलावरून माझ्या घराच्या बाजूला गेले. गावडे गेले. कॅप्टननं विचारलं, "चलें सर?" मी म्हटलं, "तू हो पुढं. रिवाज माहीत आहे ना? शेवटी मी." म्हातारा आपला मान मागतोय असं वाटून तो हसला आणि गेला.

मी एक पाय फळीवर ठेवला. मागं आक्का रिकामी बुट्टी घेऊन उभी होती. जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. मला डोंगरातली आमा आठवली. तिच्या काठावर त्या दिवशी आमच्यातलं कुणीही थांबलं नव्हतं, मी तर सगळ्यांत शेवटी निघालो होतो आणि त्याचा मला अभिमान होता. मी फळीवरचा पाय मागं घेतला. ठरवून घेतला असं म्हणवत नाही. पाय मागं आला एवढं खरं.

पलीकडनं कॅप्टन दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "सर! आप गलत साइड पे रह गए!"

मी हात वर केला. तो हो म्हणून होता की नाही म्हणून, ते मलाही माहीत नव्हतं. त्यानं बराच वेळ वाट बघितली. मग तो ताठ झाला, सॅल्यूट केला आणि जवानांना खूण केली. पूल रुळांवरून मागं सरकायला लागला. नाक माझ्यापासून सुटलं, हवेत लोंबत गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते या बाजूनं बघत होतो. इकडनं ते फार वेगळं दिसतं. आपल्याकडे पाठ करून कुणीतरी चाललंय असं वाटतं.

आक्का शेजारी येऊन उभी राहिली. "अरं येड्या, घराला कुलूप तरी घातलंस का?"

"न्हाय."

"मग आता रं?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो. ती पदरानं डोळे पुसत हसायला लागली, आणि मलाही हसू आवरेना. वाडीतली माणसं आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे काळजीनं बघत होती.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी कुठला धीट निर्णय घेतला, की हट्ट केला, की नुसता जेवायला थांबलो, हे मला सांगता येत नाही. माझ्या राहण्यानं वाडीला काही पूल मिळाला नाही. दोन्हीकडची माणसं पुन्हा येऊन मापं घेऊन गेली, मी पुन्हा नकाशे दिले, यावेळी या बाजूनं काढलेले. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, तुम्ही नक्की राहता कुठं?" माझं मतदान तिकडं, माझं ताट इकडं. उन्हाळ्यात बरगे काढल्यावर ओढ्यातनं चालत जाऊन घर झाडून आलो, कुलूप घातलं, आणि संध्याकाळच्या आत परत इकडेच आलो. म्हसोबाला तिकडे पत्र्याची शेड झाली आहे. वाडीतली माणसं त्याला या काठावरून हात जोडतात. आक्काही जोडते. मीही जोडतो, आणि जोडताना कळी का पडली याचा विचार करतो.

काल दुपारी आक्का परसात भाकरी थापत होती. ओढ्याकडे बघून म्हणाली, "वसंता, तुझ्या व्हरांड्यात कुनाची शेळी चढलीया बघ."

खरंच चढली होती. माझ्या आरामखुर्चीवर उभी राहून ती तुळस खात होती. मी काठावर जाऊन ओरडलो, तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खायला लागली. मारुतीअण्णा तिकडून चालले होते, त्यांनी तिला हुसकून लावलं. मग माझ्याकडे तोंड करून त्यांनी हाळी दिली, "साहेब! घरला कवा येताय?"

मी मागं वळून बघितलं. आक्कानं मान वर केली नव्हती. पण तिचे थापणारे हात थांबले होते, आणि तवा रिकामाच तापत होता.

"जेवून सांगतो!" मी ओरडलो.

हेच उत्तर मी त्यांना रोज देतो.